मिट्टी अत्तर वेगळं, पावसाचा वास वेगळा

पावसावर बेतलेली सुगंधमालिका काढायची म्हटली की उत्तर प्रदेशातल्या कनौजचं, भाजलेल्या मातीपासून काढलेलं मिट्टी अत्तर आणि प्रयोगशाळेत जुळवलेला पावसाचा वास यांची गल्लत ठरलेली. पहिलं नैसर्गिक, दुसरं निसर्गावरून बेतलेलं. तरी बाटलीवर सर्रास ‘१००% नैसर्गिक पहिला पाऊस’ छापलं जातं. ही फसवणूक आहे, मग ती अजाणता का असेना.

मिट्टी अत्तर बहुतेकांना माहीत असतं. अर्धवट भाजलेली माती पाण्यासह तांब्याच्या देगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, तापवायची. वाफ बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथल्या चंदनतेलात वास मुरतो. हल्ली चंदन परवडत नाही म्हणून पुष्कळदा लिक्विड पॅराफिन वापरतात. असं अत्तर स्प्रेच्या कामाचं नाही. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये एक थेंब टाकून बघा. चंदनतेल विरघळतं, पॅराफिन असेल तर मिश्रण दुधाळ होतं आणि थोड्या वेळाने तेल वेगळं दिसतं.

खरी गफलत पुढे आहे. निसर्गातून काढलेल्या अर्काला निसर्गाचाच वास येणार, असं धरून चालतात. तसं होत नाही. अर्काला काढण्याच्या रीतीचाही वास येतो. संध्याकाळी उमलणारा मोगरा हिरवट, हलका असतो. द्रावकाने काढलेलं त्याचं ॲब्सोल्यूट, म्हणजे संपृक्त अर्क, दाट आणि जड. मिट्टी अत्तरातही भाजलेल्या मातीमागे चंदन उभं असतं, आणि तासाभराने बरंचसं तेच उरतं. पाऊस, समुद्र, ओला कातळ यांचा तर अर्कच निघत नाही. १९६६ मध्ये फायझरच्या प्रयोगशाळेत सापडलेला कॅलोन हा रेणू समुद्राच्या वासासाठी वापरतात तो म्हणूनच.

ओल्या मातीच्या वासात मोठा वाटा जिओस्मिन या रेणूचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू ते तयार करतात आणि आपल्या नाकाला ते लाख कोटी भागांत मोजके भाग असलं तरी कळतं. त्यामुळे शुद्ध जिओस्मिन कधीच थेट घालू नये. डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल) या द्रावकात ०.१ टक्क्याचं द्रावण करावं आणि १०० ग्रॅम कॉन्सन्ट्रेटला, म्हणजे अल्कोहोल घालण्याआधीच्या सुगंधी मिश्रणाला, त्यातलं १ ग्रॅम घालून सुरुवात करावी. वाढवायचं तर अर्धा-अर्धा ग्रॅम, आणि प्रत्येक वेळी एक दिवस थांबून. जास्त झालं की बीट आणि बंद तळघराचा वास येतो. थेंब मोजून हे काम होत नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. सोबत मुळांच्या ओलाव्यासाठी वाळ्याचं तेल आणि तुटलेल्या गवतासाठी किंचित सिस-३-हेक्सेनॉल हा हिरवट वासाचा रेणू. वाळा नैसर्गिक आहे म्हणून आख्खी बाटली नैसर्गिक होत नाही.

मग मालिकेत घ्यायचं काय? आधी दृश्य नेमकं करा. ‘पाऊस’ एवढीच कल्पना असली तर सगळ्याच बाटल्यांना एकच वास येतो. मेअखेरचा वळीव, तापलेलं अंगण, धूळ बसतेय असं दृश्य असेल तर तिथे भाजलेली माती हवी, आणि चंदनावरचं खरं मिट्टी अत्तर त्याला शोभतं. श्रावणातला शेवाळलेला कातळ, नेचे, झिरपणारं पाणी असेल तर जिओस्मिन आणि हिरवे रेणू. तिथे चंदनाची ऊब दृश्यच मोडते. आम्ही या दुसऱ्या दृश्यात मिट्टी अत्तर कधीच घालणार नाही, कितीही महाग असो.

दोन्ही नमुने वास घ्यायच्या कागदी पट्टीवर पाच मिनिटांनी, तासाने आणि सहा तासांनी हुंगा. अल्कोहोलमध्ये मिसळल्यावर किमान दोन-तीन आठवडे मुरू द्या, त्याआधी मत देऊ नका. मिट्टी अत्तराचा प्रत्येक घाणा थोडा वेगळा येतो, म्हणून जुन्या घाण्याचा नमुना जपून ठेवा आणि नवा त्याच्याशी ताडून बघा.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हेही पुन्हा पुन्हा ऐकू येतं. सालीतून दाबून काढलेलं बर्गमॉट तेल पूर्ण नैसर्गिक, तरी त्वचेवर लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग उठू शकतात. म्हणून त्वचेवर राहणाऱ्या तयार मालात इफ्रा या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला ०.४ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. जुळवलेल्या सुगंधाच्या लेबलवर ‘पावसावरून बेतलेला’ असं लिहावं, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द फक्त चंदनतेलावरच्या अत्तरासाठी ठेवावा.