सही केली म्हणजे आपला झाला?

11 मे 2025. अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल. प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगचं, विजेतेपद दोन आठवडे आधीच लिव्हरपूलच्या खिशात पडलेलं, त्यामुळे सामना तसा नावापुरता. दुसऱ्या हाफमध्ये लिव्हरपूलचाच ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड मैदानात उतरला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सहा वर्षांचा असताना अकादमीत आलेला, त्याच शहरात वाढलेला पोरगा. चेंडू त्याच्या पायाशी आला की हुर्यो, पास दिला की पुन्हा हुर्यो. मी टीव्हीसमोर होतो आणि अंगात त्याचीच 66 नंबरची जर्सी. माझी जरा पंचाईतच झाली.

त्याचा गुन्हा काय? आठवडाभरापूर्वी त्याने जाहीर केलं होतं, की करार संपतोय, मी नवा करणार नाही. एवढंच. त्याच्या साधारण महिनाभर आधी त्याचाच सहकारी मोहम्मद सलाहने दोन वर्षांची मुदतवाढ घेतली, तेव्हा आम्ही सगळे आनंदाने नाचलो होतो. दोघांचे करार एकाच वेळी संपत होते. दोघांनीही ते मोडले नाहीत. दोघांनीही शेवटी आपलं हित बघितलं. त्यात एक राजा ठरला आणि दुसरा गद्दार. त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की करार आणि निष्ठा हे दोन वेगळे हिशोब आम्ही समर्थक एकाच वहीत मांडतो आणि मग ताळा जमत नाही म्हणून खेळाडूला शिव्या घालतो.

करार म्हणजे काय ते आधी बघू, कारण तो मोजता येतो. त्यात तारीख असते, पगार असतो, बोनस असतो. फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमाप्रमाणे तो साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांचा, देशाचा कायदा परवानगी देत असेल तर त्याहून मोठा. अठरा वर्षांखालच्या पोरांसाठी तीन वर्षांचा. शेवटचे सहा महिने उरले, की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करून ठेवू शकतो. हे चोरून-लपून करायचं काम नाही, नियमातच तशी मुभा आहे.

पूर्वी मात्र करार संपला तरी सुटका नव्हती. बेल्जियमच्या ज्यां-मार्क बोसमनचा करार 1990 मध्ये संपला. त्याच्या क्लबने, म्हणजे आरएफसी लिएजने, नवा करार पुढे केला तो आधीच्या पगाराच्या साधारण पावपटीचा. फ्रान्सच्या डंकर्ककडे जायचं म्हटलं, तर तिथे ट्रान्सफरचं, म्हणजे नव्या क्लबने जुन्याला फी मोजून खेळाडू घेण्याचं, घोडं पेंड खायला लागलं. बोसमन कोर्टात गेला आणि 15 डिसेंबर 1995 ला युरोपियन कोर्टाने निकाल दिला, की युरोपीय संघात करार संपल्यावर खेळाडू मोकळा, त्याच्यासाठी फी मागता येणार नाही. आज आपण सहज 'फुकटात गेला' म्हणतो ना, त्या 'फुकटा'ची किंमत बोसमनने स्वतःची कारकीर्द देऊन चुकवली आहे.

या निकालानंतर कराराची चालच बदलली. करार संपत आला की खेळाडूची किंमत उतरते आणि संपला की शून्य. म्हणून क्लब दोन वर्षं शिल्लक असतानाच नवा कागद पुढे सरकवतो. खेळाडूवर जीव जडलाय म्हणून हे होतं असं समजायचं कारण नाही, मुख्य काम विक्रीची किंमत राखण्याचं असतं. मायकेल ओवेन 2004 मध्ये करारातलं एकच वर्ष उरलेलं असताना रिआल माद्रिदला गेला आणि त्या काळातला युरोपातला एक अव्वल स्ट्रायकर लिव्हरपूलला सुमारे 80 लाख पौंडांत सोडावा लागला. त्याच्याही आधी, 1999 मध्ये, स्टीव्ह मॅकमॅनमन तर एक पै न येता गेला होता. दोघेही गेले माद्रिदलाच. (आणि आता ट्रेंटही. आम्हाला त्या शहराचं नावसुद्धा काढायला नको वाटतं.)

याच धड्याची उलटी बाजू लिव्हरपूलचाच लुईस सुआरेझ. 2013 च्या उन्हाळ्यात आर्सेनलने त्याच्यासाठी 4 कोटी आणि वर एक पौंड अशी बोली लावली. तो एक पौंड कशाला? त्याच्या करारात 4 कोटींच्या वरच्या बोलीबद्दल एक कलम होतं. सुआरेझच्या बाजूचं म्हणणं, आता मला सोडा. क्लबचं म्हणणं, कलम आहे पण त्याचा अर्थ तसा नाही. त्याला काही दिवस एकट्याने सरावही करायला लावला. शेवटी तो राहिला, लीगमध्ये 31 गोल केले आणि डिसेंबरमध्ये नव्या करारावर सही केली. त्या सहीवर आम्ही काय भाळलो होतो! सात महिन्यांत तो बार्सिलोनात होता. आता मागे वळून बघितलं की कळतं, त्या सहीने क्लबला तगडी किंमत मिळाली आणि त्याला हवी ती वाट. सही दोघांच्याही सोयीची होती, निष्ठेचा त्यात संबंध आला नाही. राग मला त्याचा नाही, मी तेव्हा फसलो त्याचा आहे.

स्पेनमध्ये तर ही गोष्ट उघडच असते. तिथे 1985 च्या एका शाही आदेशाने खेळाडूला भरपाई देऊन करार सोडायचा हक्क दिला आहे, म्हणून प्रत्येक करारात सुटकेचा आकडा लिहिलेला असतो. नेमारचा आकडा 22 कोटी 20 लाख युरो होता. तो कुणी भरणार नाही या भरवशावर बार्सिलोना बसलं आणि ऑगस्ट 2017 मध्ये पॅरिसच्या पीएसजी क्लबने तो भरला. इतर ठिकाणीही करार अगदी दगडावरची रेघ नसतो. स्कॉटलंडचा अँडी वेबस्टर 2006 मध्ये फिफाच्या सतराव्या कलमाचा आधार घेऊन हार्ट्स सोडून विगनला गेला. क्रीडा लवादाने 2008 मध्ये हार्ट्सला भरपाई दिली ती फक्त दीड लाख पौंड. म्हणजे करार मोडण्याचीही किंमत ठरवता येते.

मग लांबलचक करार हा तरी जिव्हाळ्याचा पुरावा मानायचा? चेल्सीने जानेवारी 2023 मध्ये मुद्रिकला साडेआठ वर्षांसाठी बांधलं, तेव्हा 'बघा, किती विश्वास!' असं म्हणणारे होते. प्रत्यक्षात ती हिशोबाची युक्ती होती. ट्रान्सफर फी एका वर्षात खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांत वाटली जाते. 10 कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांसाठी घेतला तर दरवर्षी 2 कोटी खर्च दिसतो, आठ वर्षांसाठी घेतला तर सव्वा कोटी. आधी युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेने, आणि मग डिसेंबर 2023 मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी ही वाटणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. जिव्हाळ्यावर कुणी मर्यादा घालत नाही, ताळेबंदावर घालतात.

आता निष्ठा. ती मोजता येत नाही, पण ओळखता येते, आणि ओळखायची जागा एकच: करार जिथे माणसाला काही सांगत नाही तिथे. 2006 चं इटलीतलं युव्हेंटस घ्या. सामन्यांसाठी रेफ्री मर्जीतले मिळवण्याच्या प्रकरणात क्लबला थेट दुसऱ्या श्रेणीत ढकललं. कॅनावारो गेला, इब्राहिमोविच गेला, झाम्ब्रोटा, विएरा, थुराम, एमर्सन, सगळे गेले. बुफाँ, देल पिएरो, नेदवेद, त्रेझगे आणि कॅमोरानेसी राहिले. यातले बुफाँ, देल पिएरो आणि कॅमोरानेसी त्या जुलैतच विश्वचषक जिंकून आलेले. गेले त्यांच्याकडेही करार होता, राहिले त्यांच्याकडेही होता. तेव्हा फरक कराराने पडलेला नाही हे उघड आहे. बुफाँसारखा जगातला सर्वोत्तम म्हणावा असा गोलरक्षक दुसऱ्या श्रेणीत वर्षभर खेळतो, तेव्हा त्याला खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात.

जाणाऱ्यांना मी शिव्या घालणार नाही. बुडत्या क्लबला पैसे हवे होते, तेही त्यांच्या विक्रीतून आले.

निष्ठेला पैशाचं वावडं असतं असंही नाही. जेमी वार्डीने 2016 मध्ये आर्सेनलला नाही म्हटलं आणि लेस्टरशीच नवा करार केला. त्यात त्याला चार पैसे जास्त मिळालेच असणार. पण 2023 मध्ये क्लब खालच्या श्रेणीत गेला तेव्हाही तो होता, पुढच्या वर्षी वर आणलं तेव्हाही होता आणि मे 2025 मध्ये गेला तेव्हा 500 सामने आणि 200 गोल असा गोल आकडा करून गेला. शेवटचा गोल शेवटच्याच सामन्यातला.

निष्ठेची दुसरी एक खूण आहे, तिच्याकडे आमचं लक्ष फारसं जात नाही. जाणारा माणूस शेवटचं वर्ष कसा खेळतो? डॉर्टमुंडच्या लेवांडोवस्कीने करार वाढवायला नकार दिला. जानेवारी 2014 मध्ये जाहीर झालं, की मोसम संपल्यावर तो फुकटात बायर्नला जाणार. सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याकडे, तेही एक छदाम न देता. त्या मोसमात त्याला पाट्या टाकता आल्या असत्या. त्याने 20 गोल केले आणि बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, सर्वाधिक गोल त्याचेच होते. निष्ठावंत म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण बेइमान तरी कसं म्हणणार?

आणि क्लबच्या निष्ठेचं काय? हा प्रश्न स्टँडमध्ये कुणी विचारत नाही. कॉनर गॅलगर लहानपणापासून चेल्सीचा. 2023-24 मध्ये कितीतरी सामन्यांत कॅप्टनची पट्टी त्याच्याच दंडावर होती. करारातलं एक वर्ष उरलं आणि ऑगस्ट 2024 मध्ये तो अ‍ॅटलेटिको माद्रिदला विकला गेला. इथे पुन्हा तो हिशोब येतो: विकत घेतलेल्या खेळाडूच्या किमतीतून त्याची उरलेली फी वजा करावी लागते, अकादमीच्या पोरावर तशी फीच नसते, म्हणून त्याच्या विक्रीची सगळी रक्कम नफा. ज्याच्यावर प्रेक्षकांचा सगळ्यात जास्त जीव, तोच वहीत सगळ्यात विक्रीयोग्य. क्लबने विकलं तर 'व्यवहार' आणि खेळाडू गेला तर 'गद्दारी', ही आमची भाषा मला आता ऐकवत नाही. मीही तीच बोलत आलोय, ते वेगळं.

राहता राहिली महत्त्वाकांक्षा. हा शब्द खेळाडू हमखास करार संपायच्या सुमारास उच्चारतात, म्हणून जरा जपून ऐकावा. ऑक्टोबर 2010 मध्ये वेन रूनीने जाहीर निवेदन काढलं, की मोठे खेळाडू आणण्याबद्दल मँचेस्टर युनायटेडकडून मला खात्री मिळालेली नाही, मी राहणार नाही. दोनच दिवसांनी त्याने पाच वर्षांच्या करारावर सही केली. दोन दिवसांत क्लबची महत्त्वाकांक्षा वाढली म्हणायची? नाक दाबल्यावर तोंड उघडलं, इतकंच. आमचा, म्हणजे लिव्हरपूलचा, कर्णधार जेरार्डही काही वेगळा नव्हता. इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा, चषक उचलून सहा आठवडे झाले नाहीत तोच जुलै 2005 मध्ये त्याने क्लब सोडायची विनंती केली, त्याची जर्सी जाळल्याची दृश्यं टीव्हीवर दिसली आणि रात्र उलटून जाते तोच त्याने मन बदललं. मग तो दहा वर्षं राहिला. ते एक रात्रीचं डळमळणं आज कुणी त्याच्या नावावर मांडत नाही, आणि मला ते बरोबरच वाटतं.

पण प्रत्येक वेळी हा शब्द खोटा नसतो. खेळाडूकडे बहराची जेमतेम दहा वर्षं असतात, क्लबकडे शंभर. मालक 'पाच वर्षांची योजना' सांगतो तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या स्ट्रायकरला त्यात स्वतःचा निरोप समारंभ दिसतो. त्यावर उपाय म्हणून उधळपट्टी करणाऱ्या क्लबांचं काय होतं हे लीड्सने दाखवलं. ऋण काढून सण केला, 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली आणि 2004 मध्ये क्लब खालच्या श्रेणीत.

हॅरी केनच्या बाबतीत या सगळ्या गोष्टी एकत्र येतात. 2018 मध्ये टॉटनहॅमशी त्याने सहा वर्षांचा करार केला, तेव्हा 'हा आपलाच' म्हणून त्याला डोक्यावर घेतलं. 2021 मध्ये त्याला जायचं होतं, मँचेस्टर सिटी घ्यायला तयार होतं, पण करारातली तीन वर्षं बाकी होती आणि क्लबने सोडलं नाही. ज्या सहीला निष्ठा म्हटलं होतं, तिचंच कुलूप झालं. 2023 च्या ऑगस्टमध्ये, एक वर्ष उरलेलं असताना, तो बायर्नला गेला, चषक जिंकायला. मे 2025 मध्ये त्याला कारकिर्दीतलं पहिलं मोठं विजेतेपद मिळालं, बुंडेसलिगाचं. त्याच महिन्याच्या 21 तारखेला टॉटनहॅमने सतरा वर्षांनी एक चषक जिंकला, युरोपा लीगचा, त्याच्याशिवाय.