बॅटरीची भिंगरी

नोकियाच्या जुन्या फोनांतली बीएल-५सी बॅटरी तपासायला मशीन लागत नसे. दुकानदार ती काउंटरच्या काचेवर आडवी ठेवून टिचकी मारायचा. भिंगरीसारखी गरगर फिरली की पोट सुटलंय, नवी घ्या! नाही फिरली तर दुखणं दुसरीकडे. नवी बॅटरी नखाने मागचं झाकण काढून गिऱ्हाईक स्वतःच बसवायचं.

परवा दिंडोरीच्या मामांचा फोन घेऊन नाशिकला एम. जी. रोडवर गेलो, तेव्हा ही भिंगरी आठवली. साडेसहा इंची फोन, मागची काच एका कडेने उचललेली. मामांची वेगळीच तक्रार होती: सदऱ्याच्या खिशात तो निम्मा बाहेर राहतो आणि द्राक्षांच्या विरळणीला वाकलं की पडतो. एका हातात कात्री असताना दुसऱ्या हाताचा अंगठा स्क्रीनच्या वरच्या टोकापर्यंत पोचतही नाही.

"बॅटरी फुगलीये," दुकानातला मुलगा म्हणाला. "काढून देतो, पण शेजारून डिस्प्लेची पट्टी गेलीये. तुटली तर फोल्डरचा खर्च वेगळा." फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकजीव संच.

बॅटरी का फुगते? चार्जिंग करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ग्राफाइटच्या (एक प्रकारचा कार्बन) थरांत जाऊन बसतात. ग्राफाइटच्या पृष्ठभागाशी आलेला बॅटरीतला द्राव थोडा विघटित होतो आणि तिथे एक पातळ पापुद्रा धरतो. पापुद्रा हवाच, तो पुढची झीज रोखतो. पण दर चार्जिंगला तो किंचित जाड होतो आणि थोडं लिथियम कायमचं गिळतो. म्हणून दोन-तीन वर्षांत बॅटरी 'उतरते'. अशाच नको त्या रासायनिक क्रियांतून वायूही सुटतो. उष्णतेत हे सगळं झपाट्याने होतं, आणि शंभर टक्के चार्ज केलेला फोन एप्रिलच्या उन्हात ट्रॅक्टरवर ठेवणं म्हणजे त्याला आमंत्रणच. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हापासून म्हातारपण तिच्या स्वभावातच आहे. फोनमध्ये नक्की संपणारी वस्तू हीच, आणि नेमकी तीच आपण चिकटवून टाकली.

चिकटवण्यामागे कारण आहे, नुसता लबाडपणा नाही. बीएल-५सीला धातूचं टणक कवच होतं, आजच्या बॅटरीला पातळ पाकीट पुरतं. कवच, कप्पा, झाकणाच्या खाचा गेल्या की तेवढ्या जागेत जास्त ऊर्जा मावते. 'पाणी शिरू नये म्हणून गोंद' हे कारण मात्र मला अर्धवट वाटतं. २०१४ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस५ ची बॅटरी हाताने निघायची, तरी तो मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल असं प्रमाणित होतं. झाकणाला रबराची कड होती, कुकरच्या झाकणाला असते तशी.

आकाराचं गणित जास्त हट्टी आहे. ५.४ इंची आणि ६.७ इंची स्क्रीनमध्ये फरक १.३ इंचाचा वाटतो. पण क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे मोठी स्क्रीन दीडपटीहून थोडी जास्तच भरते. फोन लहान केला तरी कॅमेरा, चिप आणि चार्जिंगचा जॅक फारसे लहान होत नाहीत. कात्री लागते ती बॅटरीला. अ‍ॅपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंची आयफोन मिनी काढून पाहिला, पण २०२२ च्या नव्या फोनांत तो नव्हता. लोक लहान फोनची आठवण काढतात आणि मोठा विकत घेतात. मीही त्यातलाच.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लावले: ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊनही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरावी, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळावेत. अ‍ॅमस्टरडॅमची फेअरफोन कंपनी तर २०१३ पासून याच वाटेवर आहे. तिचे फोन साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतात. आपल्या दुकानांत ते दिसत नाहीत. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि पोर्टलही सुरू केलं. माहिती मिळण्यापर्यंत ते ठीक, पण पोर्टलने गोंद सुटत नाही.

गोंद सोडवायला त्या मुलाला पाऊण तास लागला. फोन गरम पॅडवर ठेवला, प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवली, बॅटरीखाली थेंब थेंब स्पिरिट सोडलं. धातूचं पातं त्याने लांबच ठेवलं; पाकिटाला भोक पडलं तर आत शॉर्ट होऊन आग लागते. बॅटरी निघाली ती टम्म, शिळ्या दुधाच्या पिशवीसारखी. त्याने ती उचलून वाळूच्या डब्यात टाकली.

"ही नवी किती वर्षं चालंल?" मामांनी विचारलं.

"दोन-तीन. मग या परत," तो म्हणाला, आणि काच चिकटवायला ट्यूब उघडली.