सीनाकाठचा पैरा

सोलापूर जिल्ह्यातल्या सीना नदीच्या पात्रात पाणी दिसावं म्हणून उजनी धरणापासून जमिनीच्या पोटातून बोगदा काढावा लागला. भीमा-सीना जोड बोगदा म्हणतात तो हाच. उन्हाळा तापला की माढा-मोहोळकडची माणसं बोगद्याचं पाणी सोडा म्हणून निवेदनं देतात, रस्त्यावर बसतात. एरवी ही नदी म्हणजे वेड्या बाभळी, वाळूचे खड्डे आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या गंजलेल्या फळ्या. त्याच सीनेनं २०२५ च्या सप्टेंबरात, ऐन घटस्थापनेच्या आठवड्यात, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग अडवला आणि हत्तूरच्या बाजूला विजापूरचा रस्ता. माढा, करमाळा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत काठची गावं पाण्यात गेली.

पूर आला कुठून, हे आधी सांगायला हवं, कारण सोलापुरात पाऊस पडला म्हणून तो आला नव्हता. म्हणजे पाऊस इथंही होताच, पण सीना उगवते अहिल्यानगरकडे. वाटेत बीड-धाराशिवचे ओढेनाले तिला मिळतात, पुढं बार्शी-मोहोळकडून भोगावती येते. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. त्या महिन्यात तिथंच आभाळ फाटलं. परंडा भागातल्या सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून एकाच वेळी विसर्ग सुरू झाला. भीमेचा पूर उजनी थोडाफार तरी पोटात घालते, ११७ टीएमसीचं धरण आहे ते. सीनेवर त्या तोडीचं काहीच नाही. आलं ते पाणी सरळ खाली.

चक्रीवादळाचं म्हणाल तर ते आमच्याकडं टीव्हीवरच. समुद्र कितीतरी लांब. पण वादळाची शेपटी इथवर पोचते, हे २०२० च्या ऑक्टोबरात कळलं. बंगालच्या उपसागरातलं डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या अलीकडची पायरी, १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं आणि तेलंगणातून सरळ पश्चिमेला आलं. १४ तारखेला सोलापूर जिल्हा अक्षरशः धुऊन निघाला. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीनं गावं वेढली. भीमाकाठ पुराला तसा सरावलेला आहे. पंढरपुरात पाणी चढायला लागलं की व्यासनारायण झोपडपट्टीतली कुटुंबं गाठोडी बांधायला घेतात, आणि १९५६ च्या पुराचं नाव आजही निघतं. सीनाकाठाला तशी सवयच नव्हती. तिथं बहुतेकांच्या आठवणी कोरड्या पात्राच्या.

मग २०२५ मध्ये सगळं पाण्याखाली गेल्यावर शेजारपाजारच्या गावांना काय करायचं ते इतकं पटकन कसं सुचलं? माझं म्हणणं असं की ते पुरासाठी शिकलेलं नव्हतंच. दुष्काळात शिकलेलं होतं.

जनावरांचंच घ्या. सांगोला, मंगळवेढ्याच्या माळावर चारा संपला की लोक गुरं नदीकाठच्या सोयऱ्यांकडे पाठवतात. बहिणीच्या, मेव्हण्याच्या दावणीला दोन-चार म्हशी चार महिने राहतात. दूध तिकडं, वासरू झालं तर इकडं, असा बोलीचा हिशेब. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत सरकारी चारा छावण्या होत्या, पण छावणी पोचायच्या आधी आणि उठल्यावर हीच रीत कामाला आली. पुरात फक्त दिशा उलटली. काठची गुरं चिखल तुडवत माळावरच्या गावांत चढली आणि माळावरच्यांनी गंजीतला कडबा काढून दिला. जिथं कडबा नव्हता तिथं बाहेरून मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, बॅगा आल्या. ज्यांची मालदांडी ज्वारीच्या कडब्याची गंज काठालाच होती, त्यांची भिजून काळी पडली. तिला आठवडाभर आंबूस वास येत होता.

या देवाणघेवाणीला आपल्याकडं जुनी नावं आहेत. तुम्ही माझ्या रानात एक दिवस, मी तुमच्या रानात एक दिवस, हा पैरा. कुठं त्याला सावड म्हणतात. एक बैल तुमचा, एक माझा, मिळून औत, हा वारंगुळा. बार्शीपासून मराठवाड्यापर्यंत हा शब्द ऐकू येतो. आणि एखाद्याचं रान मागं पडलं की अख्ख्या शिवारातली औतं त्याच्याकडं नेऊन एका दिवसात, प्रसंगी चांदण्यात, नांगरट उरकायची आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, हे इर्जिक. ट्रॅक्टर आल्यावर इर्जिक जवळजवळ संपलं. पैरा मात्र टिकला, कारण द्राक्षाच्या छाटणीला आणि कांदा काढणीला मजूर मिळेना.

सोलापूर शहरालाही या रीतीची आठवण आहे. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातांनी खोदून घेतला, असं इथं पिढ्यान् पिढ्या सांगतात. तलाव अजून गावाच्या मध्यभागी आहे आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा त्याच्याच शेजारी भरते.

१९७२ चा दुष्काळ मात्र ऐकीव नाही, घराघरात आहे. आमच्या आजीच्या तोंडी त्याची दोनच खूण-नावं होती: मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे बाहेरून आलेली तांबडी ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची. सुकडी म्हणजे कोरडा पोषक खाऊ, तो दुष्काळी कामावर मिळायचा. बायका खडी फोडायला गेल्या की एकजण सगळ्यांची पोरं सांभाळायची आणि तिचा रोज बाकीच्या आपल्यातून काढून द्यायच्या. हे कुठल्या शासन निर्णयात नव्हतं. याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. गंमत बघा, ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेव्हा खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत, अशी मांडणी होती. पुरानं नेलेली माती भरायची ती दुष्काळातून निघालेल्या योजनेतून.

मध्ये एक धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. जखमी सोलापूरच्या दवाखान्यांत आले आणि रक्त द्यायला लोक धावले. मागोमाग मदतीच्या गाड्या इतक्या निघाल्या की तिकडचे रस्ते तुंबले. जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. बत्तीस वर्षांनी सीनेचा पूर आला तेव्हा आमच्या पेठेतल्या नवरात्र मंडळानं फळ्यावर पहिली ओळ खडूनं लिहिली ती हीच, की जुने कपडे आणू नयेत. खाली यादी: चादर, टॉवेल, मेणबत्त्या, माचिस, पिण्याचं पाणी, कडक भाकरी.

कडक भाकरीबद्दल थोडं सांगतोच, कारण बाहेरच्यांना ती हॉटेलातली गंमत वाटते. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर पार पाणी उडेपर्यंत वाळवायची. पापडासारखी मोडते, नीट ठेवली तर महिनाभर राहते. सोबत शेंगाचटणी. पुरात सरपण ओलं, सिलिंडर वाहून गेलेलं, पीठ भिजलेलं. अशा घरात कच्चा शिधा देऊन काय उपयोग? पहिले चार दिवस भाकरीनंच धकवले. आमच्या गल्लीत दोन बायका एरवी विकायला भाकरी करतात. त्यांच्याकडं बाकीच्या घरांनी पीठ आणून दिलं आणि त्या घरांतल्या बायकाही थापायला बसल्या. थापताना कुणाची किती झाली याची मोजणी चालूच होती, तेवढी चढाओढ असायचीच.

पाण्यातून माणसं काढायचं काम वेगळं. एनडीआरएफची तुकडी पुण्याहून निघते आणि महामार्गच बंद, म्हणजे वळसा आला. त्या मधल्या तासांत गावांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबा, दोरखंड, गुळाच्या काहिली, जे हाताला लागेल ते वापरलं. काहिलीत बसून नदी ओलांडणं या भागाला जुनंच, पण लाल पाण्याच्या ओढीत ती भोवऱ्यासारखी फिरते. हे धाडस म्हणून सांगू नये. दुसरं काही नव्हतं म्हणून झालं.

पाणी ओसरल्यावर खरं काम निघालं, आणि तेव्हा कॅमेरे गेलेले होते. विहिरी गाळानं भरल्या, मोटारी आत अडकल्या, ठिबकच्या नळ्या बाभळींना लोंबत होत्या. काही रानांतली काळी माती जाऊन खालचा मुरूम उघडा पडला, काहींत दुसऱ्याची माती येऊन बसली. रब्बीची ज्वारी पेरायची तर वाफसाच येईना. इथं पैरा पुन्हा धावला. चार घरांनी मिळून एक पंप, एक डिझेलचा ड्रम, आणि ज्याच्या विहिरीवर पिण्याचं पाणी अवलंबून आहे त्याची विहीर आधी उपसायची.

पण पैऱ्याला एक अट असते, ती सोयीस्कर विसरली जाते. परत द्यायला तुमच्याकडं काहीतरी लागतं. रान, बैल, ट्रॅक्टर, निदान दोन धडधाकट हात. बटईनं रान करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, पंचनामा मालकाच्या नावे होतो. सालगड्याचं पत्र्याचं घर ओढ्याच्या कडेला गायरानात असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा संसारच दोन पेट्यांचा, तो गेला तर नुकसान किती लिहायचं? अशा घरांना भाकरी पोचली, चादरी पोचल्या. त्यांची भिंत उभी करायला मात्र पैऱ्याचे हात कमी आले, हे मी मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर डोळ्यांनी बघितलं.

त्याच दौऱ्यात एका बागायतदाराच्या विहिरीवर थांबलो होतो. मंगळवेढ्याकडचा एक गृहस्थ स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आला होता. दोन दिवस दोर लावून मोटार ओढत होते, ती तिसऱ्या प्रयत्नाला वर आली. चिखलाचा नुसता गोळा. मालक डिझेलचे पैसे काढायला लागला तर पाहुण्यानं हात मागं सारला. म्हणाला, २०१९ ला आपल्या दोन म्हशी इथल्या दावणीला चार महिने होत्या, त्या हिशेबात अजून बरेच दिवस देणं आहे. मालकानं नोटा खिशात घातल्या आणि पाहुण्याला वरची दुसरी विहीर दाखवायला घेऊन गेला.