श्वासाच्या आड येतं ते वजन की पोट?

लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये श्वासातली हवा मोजणारा स्पायरोमीटर मांडला आणि दोन हजारांहून अधिक लोकांना त्यात फुंकायला लावलं. उंची एका इंचाने वाढली की छाती भरून घेतलेल्या एका श्वासातली हवा सुमारे ८ घन इंचांनी, म्हणजे १३० मिलिलिटरने वाढते, हे त्यांना दिसलं. वजनाचं गणित इतकं सरळ नव्हतं. प्रमाणाबाहेर वजन असलेल्यांची हवा उलट कमी भरत होती.

चरबी नेमकी कुठे आहे, हा प्रश्न त्यानंतर शंभर वर्षांनी पुढे आला. फ्रान्समधल्या मार्सेयचे डॉक्टर ज्याँ व्हाग यांनी १९४७ मध्ये पोटाचा लठ्ठपणा आणि मांड्या-नितंबांचा लठ्ठपणा वेगळे केले, पण त्यांचा रोख मधुमेह आणि रक्तवाहिन्यांवर होता.

१९५६ मध्ये अमेरिकेत बरवेल आणि सहकाऱ्यांनी बसल्या जागी झोप लागणाऱ्या एका अतिलठ्ठ रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीतल्या पेंगणाऱ्या पोरावरून त्याला ‘पिकविकियन’ म्हटलं गेलं. रक्तात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ही झोप येते, असा तेव्हाचा समज. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी रुग्णांच्या झोपेतल्या नोंदी घेतल्या, तेव्हा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो हे कळलं.

एवढा टोकाचा आजार नसतानाही पोट श्वास अडवतंच. साधा श्वास सोडून झाल्यावर जोर लावून आणखी जी हवा काढता येते, तो आपला राखीव साठा. निरोगी प्रौढात साधारण एक लिटर. पोटातली चरबी छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला खालून वर रेटते आणि हा साठा सगळ्यात आधी घटतो. मग तळाच्या बारीक श्वासनलिका मिटू लागतात. रक्त मात्र तळाकडेच जास्त जातं, त्यामुळे त्यातलं काही पुरेसा ऑक्सिजन न घेताच परततं. आडवं झाल्यावर हे आणखी वाढतं. कॅनडातल्या २००६ च्या अभ्यासात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३० असलेल्यांचा राखीव साठा बीएमआय २० असलेल्यांच्या जेमतेम ४७ टक्के भरला.

फसगत होते ती इथेच. नुसतं जोरात फुंकून केलेल्या पीएफटीत, म्हणजे फुप्फुसांच्या चाचणीत, हा साठा मोजलाच जात नाही. पहिल्या सेकंदातली हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर नॉर्मल येतं, आणि रुग्णाला धाप मात्र लागतच असते. अशा वेळी सावकाश फुंकण्याची चाचणीही करून घ्यावी. गुणोत्तर नॉर्मल असताना केवळ धाप लागते म्हणून दम्याचा पंप हातात देणं चूकच. अर्थात लठ्ठ माणसाला खरा दमाही असू शकतो; पर्थच्या संशोधकांना २०१९ मध्ये श्वासनलिकांच्या भिंतींतच चरबी सापडली आणि बीएमआयबरोबर ती वाढत होती.

फ्रान्समध्ये १,२०,००० हून अधिक लोकांच्या तपासण्यांवरून २००९ मध्ये दिसलं, की बीएमआय काहीही असो, पोटाचा घेर जास्त असलेल्यांची फुप्फुसक्षमता कमी असते. आपल्याकडे हे अधिकच लागू पडतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन्ही संशोधकांचा बीएमआय २२.३; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. म्हणून भारतीयांसाठी घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, साधा श्वास सोडून झाल्यावर लावायचा. पोट आत ओढलं की माप चुकतं.