न्यूयॉर्कमधील चार्टर हायस्कूल : प्रवेश कोणाला, कागदपत्रे कोणती?

चार्टर हायस्कूलच्या माहितीपत्रकात ‘बहुसंख्य विद्यार्थी अल्प उत्पन्न गटातील’ असे वाचले की न्यूयॉर्कला नव्याने आलेले मराठी पालक विचारतात, ही शाळा फक्त गरिबांसाठी आहे का? उत्पन्नाचा दाखला लागेल का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आहे.

चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी, विनाशुल्क शाळा. कारभार मात्र स्वतंत्र विश्वस्त मंडळ पाहते. न्यूयॉर्क राज्यात १९९८ च्या कायद्याने अशा शाळा सुरू झाल्या. शाळेला सनद (चार्टर, म्हणजे शाळा चालवण्याची परवानगी) एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षांची मिळते आणि काम समाधानकारक नसेल तर तिचे नूतनीकरण होत नाही. रीजंट्स म्हणजे हायस्कूलच्या विषयवार राज्यस्तरीय परीक्षा इथल्या मुलांनाही द्याव्या लागतात.

‘अल्प उत्पन्न’ हा आकडा मोफत किंवा सवलतीचे शालेय जेवण आणि इतर सरकारी मदत योजनांच्या नोंदींवरून काढतात. प्रवेशानंतर शाळेने उत्पन्नाचा फॉर्म दिला, तर संकोच न करता भरा. शाळेला मिळणारा काही निधी अशा माहितीवर ठरतो. हा आकडा मोठा आहे म्हणून शाळा वाईट असे समजणे माझ्या मते त्या मुलांवर अन्याय करणारे आहे.

पात्रता सोपी आहे. मूल न्यूयॉर्क राज्यात राहणारे हवे आणि त्या इयत्तेला योग्य हवे. प्रवेशासाठी गुणांची किंवा परीक्षेची अट घालता येत नाही. व्हिसा कोणता, हा प्रश्नही प्रवेशाच्या आड येत नाही. अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच दिला आहे.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत असतो. अर्जाची मुदत १ एप्रिलच्या आधी संपत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. आधीपासून तिथेच शिकणारी मुले, भावंडे आणि त्या शैक्षणिक जिल्ह्यातील (स्कूल डिस्ट्रिक्ट) रहिवासी यांना प्राधान्य असते. म्हणून अर्जाआधी एक प्रश्न जरूर विचारा : नववीत बाहेरच्या मुलांसाठी जागा किती? शाळा खालच्या वर्गांपासूनची असेल तर तिचीच आठवीची मुले बहुतेक जागा भरतात. दहावी-अकरावीत नवे विद्यार्थी घेता का, हेही विचारा. न्यूयॉर्क शहराच्या इतर सरकारी हायस्कूलांचा अर्ज वेगळा असून त्याची मुदत बरीच आधी, हिवाळ्याच्या सुरुवातीला संपते. दोन्ही अर्ज भरा.

कागदपत्रे बहुतेक जागा मिळाल्यावरच मागतात. जन्मदाखला किंवा पासपोर्ट, पत्त्याचे पुरावे (घरभाड्याचा करार, वीज किंवा गॅसचे बिल), लसीकरणाची नोंद आणि मागील गुणपत्रके. नातेवाइकांकडे राहत असाल आणि करार त्यांच्या नावावर असेल, तर राहण्याबाबतचे प्रतिज्ञापत्र चालते का, ते शाळेच्या कार्यालयात विचारा. बेघर कुटुंबातील मुलाला कागद अपुरे असले तरी लगेच दाखल करून घेणे केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे.

लसीकरणाकडे विशेष लक्ष द्या. भारतातील लसींचे कार्ड शोधून ठेवा, कारण २०१९ पासून राज्यात धार्मिक कारणाने सूट मिळत नाही. नोंद देण्यासाठी साधारण १४ दिवस असतात. परदेशातून आलेल्यांना, प्रयत्न चालू असल्याचे दाखवले तर, ३० दिवसांपर्यंत.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी दहावीच्या गुणपत्रकावर थांबू नये. अमेरिकेत हायस्कूल नववीपासून धरतात, त्यामुळे नववीचे प्रगतिपुस्तकही इंग्रजी भाषांतरासह आणा. त्यावरून श्रेयांक (क्रेडिट) मिळाले तर तेच विषय पुन्हा करावे लागत नाहीत.

शाळेचा दर्जा पाहताना चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करून पदविका (डिप्लोमा) मिळवणाऱ्यांचे प्रमाण राज्य शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर बघा. त्याच्या जोडीला नववीत किती मुले होती आणि त्यातली बारावीपर्यंत किती टिकली, हेही पाहा. ही घट मोठी असेल तर शाळेला स्पष्ट कारण विचारा.

सोडतीत नाव आले की दिलेल्या मुदतीत होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्याला जाते. प्रतीक्षायादीत असाल तर फोन नंबर आणि ईमेल बदलल्यास शाळेला लगेच कळवा. काही जागा शाळा सुरू होता होता, सप्टेंबरमध्येही रिकाम्या होतात.