जुन्या फेंडर बासचे मूळ भाग आणि नंतर बसवलेले भाग

१९५१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बास हा विजेवर वाजणारा बास गिटार तयार झाला, तेव्हा सत्तर वर्षांनी कोणी त्याचा एकेक स्क्रू तपासत बसेल असं कोणाच्या मनातही नव्हतं. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. १९३८ पासून त्यांचं स्वतःचं दुकान होतं. बिघडलेला भाग काढायचा आणि नवा लावायचा, ही त्या धंद्याची रीत त्यांनी वाद्यातही आणली. नेक, म्हणजे वाद्याची लांब मान, सरसाने चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेली. तारांची थरथर टिपणारा पिकअप, आवाज कमीजास्त करणारा पॉट, तारा बॉडीवर टेकवणारा ब्रिज, सूर लावायच्या खुंट्या, सगळं पेचकसाने सुटणारं. दुरुस्तीसाठी केलेली ही सोय फार मोलाची ठरली, पण तिच्यामुळेच आज जुना बास हातात आला की यातलं कारखान्यातलं किती आणि नंतरचं किती, हा पहिला प्रश्न पडतो.

कारखानाही एका जागी थांबला नव्हता. १९५४ मध्ये बॉडीच्या कडा अंगाला टेकतील अशा तासल्या गेल्या. १९५७ मध्ये एकसंध पिकअपच्या जागी दोन तुकड्यांचा पिकअप आला आणि दोन सॅडलचा (तारा टेकतात त्या तुकड्यांचा) ब्रिज चार सॅडलचा झाला. १९६० मध्ये जॅझ बास निघाला. त्याच्या पहिल्या दोनेक वर्षांत आवाज आणि टोन यांच्या चकत्या एकावर एक बसवलेल्या असत, पुढे तीन सुट्या चकत्या आल्या. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना कंपनी घेतली, आणि त्या सुमारास क्लुसन कंपनीच्या खुंट्या जाऊन फेंडरच्या स्वतःच्या आल्या. मात्र जुने भाग संपेपर्यंत वापरले जात. म्हणून ‘या महिन्यापासून हे बदललं’ असं ठासून सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

वादकांच्या हातून झालेले बदल मुख्यतः १९७० च्या दशकातले. तेव्हा १९६२ चा बास म्हणजे फक्त जुना बास होता. ज्याला जोरकस आवाज हवा त्याने डिमार्झिओचा पिकअप घातला, कोणी लिओ क्वान कंपनीचा वजनदार ‘बॅडअॅस’ ब्रिज बसवला, कोणी शालरच्या खुंट्या लावल्या. पिकअप आणि ब्रिजवरची क्रोमची झाकणं तर कित्येकांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली. यात कोणाचंच काही चुकलं नाही. वाद्य रोज रात्री वाजत होतं, ते त्या रात्रींसाठीच होतं. पुढे जुन्या वाद्यांच्या किमती चढल्या आणि १९८२ मध्ये खुद्द फेंडरनेच १९५७ आणि १९६२ च्या घडणीच्या प्रतिकृती काढायला सुरुवात केली. तेव्हापासून जुन्यासारखे दिसणारे नवे भाग सहज मिळू लागले आणि ओळख पटवणं जास्त अवघड झालं.

सगळ्यांत बोलका पुरावा पिकगार्डखाली, म्हणजे बॉडीवर स्क्रूंनी बसवलेल्या पातळ आवरणाखाली, असतो. पॉटच्या पाठीवर कोरलेला आकडा पाहा. समजा तो ३०४६१३४ आहे. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे : ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९६१ च्या चौतिसाव्या आठवड्यातला. यावरून एवढंच कळतं की ही वायरिंग त्याआधीची नाही. वाद्य नंतरचं असू शकतं, कारण १९६६ च्या सीटीएस पॉटचा मोठा साठा फेंडरने पुढे कित्येक वर्षं वापरला.

नेकच्या बुडाशी आधी पेन्सिलने आणि १९६२ पासून शिक्क्याने तारीख टाकलेली असे. ‘५ मार्च ६४ सी’ असा शिक्का दिसला की बरेच जण पाच तारीख समजतात. तो ५ प्रिसिजन बासचा क्रमांक आहे, जॅझ बासचा ७. शेवटचं अक्षर नटजवळची, म्हणजे तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून खुंट्यांकडे जातात तिथली, नेकची रुंदी सांगतं.

त्यानंतर पाहायचे ते तारा जोडणारे कथलाचे डाग. मूळ डाग जुनाट, मंद पडलेले असतात. पुन्हा तापवलेला डाग बहुधा जास्त चकाकतो, आणि शेजारच्या कापडी वेष्टनाच्या तारेवर चटका उमटलेला असतो. पिकअपच्या गुंडाळीची तारही बोलते. १९६४ च्या सुमारापर्यंत फिकट तांबूस, फॉर्मवार लेपाची, नंतर गडद तपकिरी, साध्या एनॅमल लेपाची.

१९५९ ते १९६४ च्या दरम्यानचे कासवपाठी नक्षीचे पिकगार्ड सेल्युलॉइडचे. ते वर्षानुवर्षं आक्रसतात, स्क्रूंपाशी तडकतात आणि त्यांची भोकं बॉडीवरच्या भोकांशी जुळेनाशी होतात. म्हणून साठ वर्षांपूर्वीचा म्हणून दाखवलेला पिकगार्ड अगदी सपाट आणि चोख बसत असेल, तर मला उलट शंका येते.

पूर्ववत करायला घेताना पिकअप, पॉट, ब्रिज यांचं फारसं अडत नाही, त्या काळातले सुटे भाग अजून मिळतात. अडतं ते लाकडाशी. दुसऱ्या खुंट्यांसाठी रुंदावलेली हेडस्टॉकची (नेकच्या टोकाची) भोकं लाकडाचा गोल तुकडा घालून बुजवावी लागतात आणि ते काम कायम दिसत राहतं. जादा पिकअपसाठी कोरलेला खड्डा आणि खरवडून नव्याने मारलेला रंग यांना तर उतारा नाही. तुटलेल्या गुंडाळीचा पिकअप फेकू नये, मूळ बॉबिनवरच (रिळावरच) नवी तार गुंडाळून घ्यावी. चालू असलेल्या जोडणीला केवळ दिसण्यासाठी तापता सोल्डरगन लावणं मला पटत नाही. त्या एका चटक्याने पन्नास वर्षांचा पुरावा जातो.

आणि काही बदल उलटवायचेच नसतात. प्रसिद्ध बासवादक जॅको पास्टोरियसच्या १९६२ च्या जॅझ बासचे फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढलेले, खाचा भरलेल्या, वर इपॉक्सीचा थर. हा बास १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला आणि दोन दशकांनी सापडला, तेव्हा त्याची ओळख पटवायला या बदलांच्या आणि दुरुस्त्यांच्या खुणाच कामी आल्या. त्यात पुन्हा फ्रेट बसवायचा विचारही कोणी करणार नाही. साध्या वादकाच्या बासबाबतही आधी फोटो काढावेत, काय कुठून निघालं ते लिहून ठेवावं आणि निघालेला प्रत्येक भाग, अगदी सत्तरच्या दशकातला डिमार्झिओसुद्धा, त्याच केसमध्ये ठेवावा.