टेक्सासच्या तेल-लीजमधली कलमे कुठून आली

टेक्सासात खनिजाचा मालक तेल कंपनीला जो भाडेपट्टा लिहून देतो, त्याला सगळे 'लीज' म्हणतात. दाट छपाईची पाने आणि एकात एक अडकलेली वाक्ये पाहून पुष्कळ मालक फक्त दोन आकडे बघतात: एकरी बोनस (सहीवेळी मिळणारी एकरकमी रक्कम) किती आणि रॉयल्टी (उत्पन्नातला मालकाचा वाटा) किती. बाकीच्या कलमांकडे दुर्लक्ष होते. वास्तविक त्यातले जवळजवळ प्रत्येक कलम आधी कुणाच्या तरी पदरी पडलेल्या नुकसानीतून आलेले आहे. ते नुकसान कळले की कलमही कळते.

सुरुवात मालकीपासून. आपल्याकडे सातबारा नावावर असला तरी जमिनीखालच्या खनिजावर हक्क सरकारचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 48 तसे सांगते. टेक्सासातही एके काळी असेच होते. स्पेनच्या राजाकडे असलेला खनिजहक्क मेक्सिकोकडे, तिथून टेक्सासच्या प्रजासत्ताकाकडे आणि पुढे राज्याकडे आला. दक्षिण टोकाला हिदाल्गो काउंटीत 'एल साल देल रे' नावाचे मिठाचे तळे आहे. त्या मिठावरून वाद पेटला आणि 1866 च्या राज्यघटनेने तोवर दिलेल्या जमिनींखालचे सगळे खनिज जमीनमालकांना सोडून दिले. तेलाचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता.

मालकी खासगी झाली की तिचे तुकडेही पडतात. शेत विकताना खालचे खनिज, किंवा त्यातला निम्मा हिस्सा, स्वतःकडे ठेवायचा रिवाज पडला. 1930 च्या दशकात कर्जापोटी ताब्यात आलेल्या जमिनी विकताना शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या फेडरल लँड बँकांनीही असाच निम्मा हिस्सा राखला. त्यापुढे वारसांच्या पिढ्या, मृत्युपत्रे, न झालेल्या नोंदी. म्हणून लीजवर सही करण्याआधी जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या काउंटी क्लर्कच्या कार्यालयात जाऊन मूळ सनदेपासून आजपर्यंतची खरेदीखते ओळीने लावावी लागतात. कंपनीचा 'लँडमन' हेच काम करतो, पण कंपनीसाठी. त्याने काढलेला हिस्सा मालकाने स्वतः पडताळलाच पाहिजे.

या खतांमध्ये एक जुना सापळा आहे. रॉयल्टीचा दर कित्येक दशके ठरलेला होता: उत्पन्नाचा एक अष्टमांश. तो इतका अंगवळणी पडला की लोक खनिजाच्या संपूर्ण मालकीलाच 'एक अष्टमांश' म्हणू लागले. मग खतात 'एक अष्टमांशाचा निम्मा' असे लिहिले जाई. गुणाकार केला तर ते होते 1/16, लिहिणाऱ्याच्या मनात असे 1/2. 1924 च्या अशाच एका खतावरून वाद टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 2023 मध्ये, व्हॅन डाइक खटल्यात, न्यायालयाने सांगितले की त्या काळच्या खतात असा दुहेरी अपूर्णांक आला तर एक अष्टमांश म्हणजे सगळे खनिज असे आधी गृहीत धरावे. उलट अर्थ खतातूनच सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी. आठपट फरकाचा प्रश्न होता तो. घरच्या जुन्या खतात असा अपूर्णांक असेल तर गुणाकार करून गप्प बसू नये, तेल-वायू कायद्याचा वकील गाठावा.

दुसरे मूळ पेनसिल्व्हानियात आहे. तिथल्या न्यायालयाने 1889 मध्ये तेल-वायूची तुलना रानटी जनावराशी केली: आपल्या हद्दीत आहे तोवर आपले, हद्द ओलांडून दुसऱ्याच्या हाती लागले की त्याचे. थोडक्यात, ज्याच्या विहिरीतून निघेल त्याचे तेल. शेजाऱ्याने बांधालगत विहीर घेतली तर उपाय एकच, आपणही घ्यायची. 1930 मध्ये पूर्व टेक्सासात प्रचंड साठा सापडला तेव्हा याचा परिणाम डोळ्यांनी दिसला. किलगोर गावात जेमतेम सव्वा एकराच्या तुकड्यावर 24 तेलमनोरे खेटून उभे राहिले. 1931 मध्ये भाव बॅरलला 15 सेंटांच्याही खाली कोसळला आणि गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी ऑगस्टमध्ये उत्पादन थांबवायला नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले. विहिरींमधल्या अंतराचा नियम 1919 पासून होता. रेल्वेसाठी नेमलेल्या रेलरोड कमिशनकडे तेव्हाच तेलाची देखरेख आली होती. पण छोट्या भूखंडाच्या मालकाचे तेल शेजारी ओढून नेईल म्हणून सवलती वाटल्या गेल्या, आणि त्यातूनच किलगोर घडले.

यावर उतारा निघाला तो 'पूलिंग'चा. अनेकांचे तुकडे जोडून एक युनिट करायचे, विहीर एकच घ्यायची, रॉयल्टी एकरांच्या प्रमाणात वाटायची. कल्पना चांगली, पण तिच्यातून नवे दुखणे निघाले. लीजची पहिली मुदत ठरलेली असते, समजा तीन वर्षे. त्यानंतर 'उत्पादन चालू असेल तोवर' लीज जिवंत राहते. आता 300 एकरांपैकी फक्त 10 एकर युनिटमध्ये घेतले, तरी त्या एका विहिरीवर उरलेले 290 एकरही कंपनीकडे अडकून राहत. लुइझियानात 1947 मध्ये न्यायालयाने नेमका असाच निकाल दिला. त्याच वर्षी लॉरेन्स पग या वकिलाने लीजमध्ये एक कलम घातले: पहिली मुदत संपली की युनिटबाहेरची जमीन मोकळी. ते आजही 'पग क्लॉज' म्हणूनच ओळखले जाते. छापील नमुन्यात ते बहुधा नसते, मागून घ्यावे लागते. आणि मागताना खोलीचेही लिहून घ्यावे, म्हणजे विहिरीने गाठलेल्या थराखालचे सगळे थरही सुटतील. शेल खडकातून तेल काढण्याच्या आजच्या काळात, एकाच जमिनीखालचे वेगवेगळे थर आडव्या विहिरींनी वेगवेगळे काढता येत असताना, ही दुसरी ओळ पहिलीइतकीच मोलाची आहे.

पैशांच्या कलमातला वाद सर्वांत कडवट आहे. विहिरीतून आलेला वायू तसाच विकला जात नाही. तो गोळा करणे, त्यातले पाणी काढणे, दाब वाढवणे, पाइपलाइनने नेणे यांना खर्च येतो. तो रॉयल्टीतून कापायचा की नाही? 1996 च्या हेरिटेज रिसोर्सेस खटल्यातल्या लीजमध्ये कपात करू नये असे स्पष्ट लिहिले होते. तरीही मालक हरले. कारण रॉयल्टी 'विहिरीच्या तोंडाशी असलेल्या बाजारभावावर' ठरली होती, आणि तो भाव काढतानाच पुढचा खर्च वजा होतो. मग कपातबंदीच्या ओळीला काही काम उरत नाही, असे न्यायालय म्हणाले. तेव्हा नुसते 'कपात नाही' लिहून भागत नाही. रॉयल्टी प्रत्यक्ष विक्रीच्या ठिकाणी मिळालेल्या पूर्ण किमतीवर मोजावी, असे लिहून घ्यावे लागते.

विहीर लागली की 'डिव्हिजन ऑर्डर' येते, म्हणजे मालकाचा वाटा दशांशात सांगून त्यावर सही मागणारा कंपनीचा कागद. तिच्यातला दशांश आपल्या हाताने काढून बघावा. मालकाचे 20 एकर, युनिट 640 एकरांचे, रॉयल्टी 1/5, तर 20 ला 640 ने भागून 0.2 ने गुणायचे: 0.00625. महिन्यात 10,000 बॅरल तेल 70 डॉलरने विकले तर वाटा 4,375 डॉलर, त्यातून तेलावरचा 4.6 टक्के राज्य कर जातो. टेक्सासात पहिल्या विक्रीचा महिना संपल्यापासून 120 दिवसांत पहिला चेक यायला हवा. दशांश चुकला असेल तर सही न करता हिशेब लेखी मागावा.

वरची जमीन एकाची आणि खालचे खनिज दुसऱ्याचे असेल तर टेक्सासात खनिजाचा हक्क वरचढ. कंपनी रस्ता करू शकते, विहिरीसाठी जागा घेऊ शकते. त्याला थोडी वेसण बसली ती 1971 च्या गेटी विरुद्ध जोन्स खटल्यात. जोन्स यांच्या शेतात आपोआप फिरणारी तुषार सिंचनाची यंत्रणा होती. सात फुटांपर्यंतच्या वस्तूंवरून ती पार जाई; कंपनीने बसवलेल्या पंपांची उंची होती 17 आणि 34 फूट. त्याच शेतात दुसऱ्या कंपन्यांनी मात्र पंप खड्ड्यात उतरवून किंवा बुटके बसवून सिंचनाला वाट ठेवली होती. हाच मुद्दा निर्णायक ठरला: वरचा वापर आधीपासून चालू असेल आणि कंपनीपाशी रूढ असा दुसरा मार्ग असेल, तर तिने तो पत्करावा.

ह्यूस्टन-डॅलसच्या आसपास घर किंवा मोकळी जागा घेणाऱ्या मराठी कुटुंबांचा या इतिहासाशी संबंध येतो तो इथेच. खरेदीखतात 'खनिज राखून' अशा अर्थाची ओळ सर्रास असते. खनिज मिळणार नाही हे त्यातून कळते. पण खनिजमालकाने पृष्ठभाग वापरण्याचा हक्क सोडला आहे की नाही, हे वेगळ्या दस्तात असते. तो दस्त टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीची कागदपत्रे तपासणाऱ्या कंपनीकडून, खरेदीआधीच मागून घ्यावा.